सुरक्षेचा खर्च कोणाच्या खात्यात

दरवर्षी ४ मार्च उजाडला की वागळे इस्टेटपासून बदलापूरपर्यंतच्या कारखान्यांच्या फाटकांवर हिरवे-पांढरे फलक लागतात. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचं मुख्यालय आता बेलापूरला, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. आठवडाभर शपथा होतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, आग विझवण्याचं प्रात्यक्षिक होतं आणि शेवटी पाहुण्यांचं भाषण. त्यात एक वाक्य हमखास असतं: सुरक्षा हा खर्च नाही, ती गुंतवणूक आहे. मालक मान डोलावतात. पाहुणे चहा घेऊन गेले की मालक आपल्या हिशेबाकडे वळतात आणि त्या हिशेबात हे वाक्य काही केल्या बसत नाही.

मालक दुष्ट असतात म्हणून असं होतं, हे उत्तर फार सोपं आहे आणि त्यातून पुढे काही हाती लागत नाही. लहान कारखानदाराला आपला हिशेब चांगला कळतो. तेव्हा तो हिशेबच उलगडून पाहू, तोही एका धंद्यापुरता. भंगार, वापरलेली रसायनं, जुन्या बॅटऱ्या, टाकाऊ प्लास्टिक यांतून पुन्हा विकता येईल असा माल काढणारा हा धंदा ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, अंबरनाथ या पट्ट्यात जागोजाग आहे. तो सहसा फक्त आग लागल्यावर बातमीत येतो.

हा धंदा इथे का फोफावला, ते सांगायला फार खोलात जावं लागत नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून तिचं काम सुरू झालं आणि त्याच दशकात डोंबिवलीत रासायनिक कारखाने येऊ लागले. औषधं, रंग, रंगांची मध्यवर्ती रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांतून रोज वापरलेलं सॉल्व्हंट बाहेर पडतं, रिकामे ड्रम पडतात, गाळ पडतो. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल. सॉल्व्हंट ऊर्ध्वपातनाला जातं, ड्रम धुऊन-ठोकून पुन्हा बाजारात येतात, लोखंड शीळफाटा-डायघर-मुंब्र्याच्या गोदामांत जमा होतं, प्लास्टिक भिवंडीकडे वळतं, टायर पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरमध्ये गेलेल्या वाड्याकडे. ज्यातून काहीच निघत नाही ते तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पात पुरलं किंवा जाळलं जातं, निदान कागदावर तरी.

इतर कारखाने आणि हे कारखाने यांत एक मूलभूत फरक आहे. औषध कंपनीच्या दारात जो ड्रम येतो त्यावर नाव असतं, शुद्धतेची टक्केवारी असते, धोक्याची पत्रिका सोबत असते. पुनर्वापराच्या कारखान्यात येणाऱ्या ड्रमवर जे लिहिलेलं असतं ते आतल्या वस्तूबद्दल असेलच असं नाही. ड्रम आधी तीन वेळा भरून रिकामा झालेला असतो आणि लेबल पहिल्या वेळचं असतं. टोल्युइन म्हणून आलेल्या मिश्रणात अॅसिटोन किती हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. टोल्युइनची वाफ ४ अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी होते, अॅसिटोनची उणे २० अंशांच्या आसपास. डोंबिवलीच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली या दोन्ही द्रवांना पेटायला फक्त ठिणगी हवी असते आणि ती पंपातून वाहणाऱ्या द्रवाच्या स्थिर विजेतूनही मिळते. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, हे या धंद्यातल्या जुन्या माणसाला माहीत असतं. भरलेल्यात द्रव असतो, रिकाम्यात वाफ आणि हवा यांचं मिश्रण. त्यावर गॅस कटर चालवला की काय होतं ते सांगायला नको. म्हणूनच २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत रसायन लागलेल्या रिकाम्या पिंपांना स्वतंत्र नोंद आहे. भंगारवाल्याच्या टेम्पोत मात्र ते पिंप म्हणजे नुसतं लोखंड असतं.

अज्ञात माल काय करू शकतो याची दोन उदाहरणं धंद्याबाहेरच्या वाचकांनीही लक्षात ठेवावीत. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळच्या साहिबाबादला भूषण स्टीलच्या आवारात आयात भंगारात आलेले जिवंत तोफगोळे फुटले आणि दहा कामगार गेले. त्यानंतर परदेशातून येणाऱ्या धातूच्या भंगाराला जहाजात चढण्याआधी तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. दुसरं उदाहरण घरापासून जवळचं. २००८ मध्ये फ्रान्समध्ये ओटिस कंपनीच्या शेकडो लिफ्टमधली बटणं काढून टाकावी लागली, कारण त्यांच्या पोलादात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू मिसळलेला निघाला. बटणं जोडणाऱ्या माफेलेक या फ्रेंच कंपनीतल्या कामगारांना किरणोत्साराची बाधा झाली होती. पोलादाचा माग भारतातून थेट खोपोलीच्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत आला. कोणीतरी कुठेतरी किरणोत्सारी उपकरण भंगारात टाकलं, ते भट्टीत वितळलं आणि युरोपात जाऊन पोहोचलं. दोन वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात तोच धातू निघाला. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेलं उपकरण तिथे तोडलं गेलं होतं. त्यात एक माणूस मेला. खोपोलीच्या प्रकरणात नुकसान झालं ते किरणोत्सार मोजणारं उपकरण नसल्यामुळे. कामगाराची सुरक्षा आणि मालाची पत ही तिथे एकाच यंत्रावर अवलंबून होती.

माझ्या मते या विषयाची किल्ली इथे आहे. पुनर्वापराच्या धंद्यात नफा मिळतो तो माल ओळखून वेगळा करण्यात. मिश्र भंगार स्वस्त, निवडलेलं महाग. मधला फरक म्हणजे मालकाची कमाई. आणि बहुतेक अपघातही माल न ओळखल्यामुळे होतात. त्यामुळे सुरक्षेचे बरेच उपाय आणि निवडीचे उपाय एकच असतात, फक्त दोन वेगळ्या खात्यांत लिहिले जातात.

प्लास्टिकचं घ्या. पीईटीच्या बाटल्यांत पीव्हीसीचे चार तुकडे राहिले तर ते पीईटीच्या तापमानाला टिकत नाहीत, फुटतात आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतात. तो वायू एक्स्ट्रुडरवर उभ्या असलेल्या माणसाच्या घशात जातो. तोच स्क्रू आणि बॅरल खातो, आणि तोच दाण्याला पिवळट करून लॉटचा भाव पाडतो. त्याविरुद्ध एक उपाय म्हणजे सुरुवातीलाच निवड करणाऱ्या बायकांना पीव्हीसी ओळखायला शिकवणं आणि त्यांना बसायला उजेडाची जागा देणं. याला सुरक्षेचा खर्च म्हणायचं की दर्जाचा? तांब्याच्या केबलचंही तेच. आवरण जाळून काढलं तर काम झटपट होतं, पण धुरात डायॉक्सिन जातात आणि तांबं काळवंडून बाजारात खालच्या प्रतीचं ठरतं. सोलून काढलेल्या चकचकीत तारेला, जिला धंद्यात मिलबेरी म्हणतात, वरचा भाव मिळतो. सोलणी यंत्राची किंमत काही महिन्यांच्या भावफरकातून निघू शकते, मात्र त्यासाठी केबल भरपूर आणि जाड हवी. बारीक तारांचे गुंते आले की पुन्हा काडेपेटी निघते.

ई-कचऱ्यात लिथियमच्या बॅटऱ्या आधी हातानं काढल्या तर श्रेडरमध्ये आग लागत नाही आणि त्यातल्या कोबाल्टचे पैसेही मिळतात. शिशाच्या भट्टीवर बॅग फिल्टर बसवला तर जी धूळ पकडली जाते तिच्यात शिसंच असतं आणि ती पुन्हा भट्टीत टाकता येते. ज्याच्याकडे फिल्टर नाही त्याच्या चिमणीतून त्याचाच माल उडून जात असतो. ओलं किंवा बंद तोंडाचं भंगार भट्टीत न टाकण्याचा नियम माणसं वाचवतो आणि भट्टीचं अस्तरही. सॉल्व्हंटच्या प्रत्येक टाकीला आणि ड्रमला तांब्याच्या पट्टीनं अर्थिंग जोडणं हा तर इतका किरकोळ खर्च आहे की तो वाचवण्यात कंजूषपणापेक्षा निष्काळजीपणाच अधिक दिसतो.

इथपर्यंत पाहुण्यांचं भाषण खरं ठरतं. पुढे ठरत नाही.

ज्या भट्टीच्या फिल्टरमध्ये धूळ पकडली गेली, त्याच भट्टीवर काम करणाऱ्याच्या रक्तातलं शिसं मोजण्यातून मालकाला एक पैसाही मिळत नाही. बॅटरी फोडताना, फिल्टरची पिशवी झटकताना, मळी उचलताना शिसं अंगावर बसतं, श्वासातून आत जातं आणि हाडांत साठून राहतं. कपड्यांबरोबर घरी जाऊन ते मुलांच्याही अंगात शिरतं. जुन्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा हा कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागी हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम दिली होती. अमेरिकेत ती ०.०५ आहे, म्हणजे आपली तिप्पट सैल होती. पण मर्यादा कितीही असली तरी आजार दिसायला वेळ लागतो. तोवर कामगार दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलेला असतो किंवा गावी परतलेला असतो. पोटात कळा येतात, हात लुळे पडतात, रक्त कमी होतं, आणि तिथल्या डॉक्टरला हा माणूस भिवंडीत कुठल्या भट्टीवर होता ते कळत नाही. काच लोकर, प्लास्टिकची बारीक धूळ, ग्राइंडरचा आवाज, विद्रावकांची रोजची वाफ यांचंही असंच. जुन्या टीव्हीची शिसं असलेली काच तर कोणी विकतही घेत नाही. ती नीट हाताळणं हा निव्वळ तोटा.

तेव्हा हिशेब असा होतो. स्फोट, आग, तुटलेला हात ही नुकसानं आजची आणि डोळ्यासमोरची असतात. त्यांचा काही भाग तरी मालकाच्या खिशातून जातो. हळूहळू जडणाऱ्या आजाराचं बिल दुसऱ्याच जिल्ह्यात, बहुधा दुसऱ्याच राज्यात फाटतं. सुरक्षेनं नफा वाढतो हे विधान पहिल्या प्रकाराबद्दल पुष्कळदा खरं आहे आणि दुसऱ्याबद्दल जवळजवळ कधीच नाही. या दोहोंना एकाच घोषवाक्यात बसवल्यामुळे मालकांचा त्या घोषवाक्यावरचा विश्वास उडाला, असं मला वाटतं.

बरं, पहिल्या प्रकारात तरी मालकाच्या खिशातून किती जातं? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम ९२ म्हणत होतं की सुरक्षेच्या तरतुदी मोडल्यामुळे माणूस मेला तर दंड २५,००० रुपयांपेक्षा कमी नसावा, गंभीर दुखापत झाली तर ५,००० पेक्षा. ही किमान रक्कम असली तरी कायद्यानं माणसाच्या जिवाची पायरी कुठे ठेवली होती ते त्यातून कळतं. भोपाळनंतर आलेल्या १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याच्या मूळ अनुसूचीतही मृत्यूमागे २५,००० रुपयेच होते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा हिशेब जरा मोठा होता: मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, वेतनाची कमाल मर्यादा १५,०००. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये.

आता बारा-पंधरा माणसांच्या कारखान्याचा विचार करू. समजा, तिथे प्राणघातक अपघात होण्याची शक्यता वर्षाला शंभरात एक आहे. हा आकडा मी मुद्दाम भरमसाट धरतो आहे. तरी भरपाईचा सरासरी बोजा वर्षाला १५,६०० रुपये पडतो, महिन्याला १,३००. एका हेल्परची जेमतेम दोन-तीन दिवसांची मजुरी. त्या तुलनेत ठिणगीरोधक दिवे, मोटरी, वायुवीजन, वाफ थंड करणारी नीट यंत्रणा यांचा खर्च लाखांत जातो. त्यात कामगार राज्य विमा योजनेत असेल तर भरपाईचा हा बोजाही मालकावर पडत नाही, महामंडळ देतं. या योजनेत मालकाचा हप्ता वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के, २०१९ पासून. ज्याच्याकडे दहा वर्षांत एक बोट कापलं नाही त्यालाही ३.२५, आणि ज्याच्या ग्राइंडरनं तिघांचे पंजे खाल्ले त्यालाही ३.२५. वाहनाच्या विम्यात अपघात न करणाऱ्याला सूट मिळते. इथे तेवढंही नाही. योजना कामगारासाठी मोलाची आहे, तिच्यावर टीका करायचा हेतू नाही. पण अपघात टाळणाऱ्या मालकाला तिच्याकडून बक्षीस मिळत नाही आणि बेफिकिराला शिक्षा होत नाही, ही तिच्या रचनेतली उणीव आहे.

परदेशांतले अभ्यास वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागानं १९९३ मध्ये पाच ठिकाणचे अपघात, अगदी सांडलंवंडलंसुद्धा, मोजून दाखवलं की विम्यातून भरून येणाऱ्या प्रत्येक पौंडामागे न भरून येणारे ८ ते ३६ पौंड जातात: बंद पडलेलं यंत्र, वाया गेलेला माल, नव्या माणसाला शिकवण्याचा वेळ. हा अभ्यास मला पटतो, कारण तो तिथल्या कामात उतरून केलेला आहे. सुरक्षेवर घातलेल्या एका युरोचे २.२ युरो परत येतात, हा सुरक्षेच्या व्याख्यानांतला लाडका आकडा मात्र जपून घ्यावा. आंतरराष्ट्रीय सामाजिक सुरक्षा संघटनेच्या २०११ च्या पाहणीतला तो आकडा कंपन्यांच्या स्वतःच्या अंदाजावर उभा आहे आणि सुरक्षेचा विभाग चालवणाऱ्याला आपला विभाग फायद्याचा आहे असं वाटणारच. अमेरिकेतल्या अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीची गोष्टही अशीच फिरते: १९८७ मध्ये आलेल्या प्रमुखानं सुरक्षेला पहिलं स्थान दिलं आणि कंपनीचा नफा कित्येक पटींनी वाढला. गोष्ट खरी आहे, पण स्वतःच्या खाणी असलेल्या त्या अवाढव्य कंपनीवरून शीळफाट्याच्या गाळ्याला काय शिकवायचं?

सर्वांत भरवशाचा पुरावा २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. कॅलिफोर्नियात धोकादायक उद्योगांतल्या कारखान्यांची सुरक्षा तपासणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यदृच्छेनं ठरत असे. लेव्हाइन, टॉफेल आणि जॉन्सन या तिघांनी तपासणी झालेल्या आणि न झालेल्या सारख्या कारखान्यांची तुलना केली. तपासणी झालेल्यांत दुखापती ९.४ टक्क्यांनी आणि दुखापतींवरचा खर्च २६ टक्क्यांनी घटला. विक्री घटली, नोकऱ्या गेल्या किंवा कारखाने बंद पडले, याचा काहीही पुरावा मिळाला नाही. इन्स्पेक्टर आला की धंदा बुडतो, या आपल्याकडच्या लाडक्या समजुतीला याहून चांगलं उत्तर नाही. पण अमेरिकेत अपघात वाढले की मालकाचा विमा हप्ता वाढतो. तो २६ टक्क्यांचा फायदा तिथल्या मालकाच्या वहीत उमटतो. आपल्याकडे तो सरकारी महामंडळाच्या वहीत उमटेल. आणि आपल्याकडे गेल्या दशकात धोरणाचा ओघ तपासणीपेक्षा मालकानं स्वतःच प्रमाणपत्र देण्याकडे आहे.

दंडाचा धाक म्हणजे काय, याचंही एक उदाहरण याच धंद्यातलं आहे. जुलै २०१६ मध्ये बर्मिंगहॅमच्या नेचल्स भागातल्या हॉक्सवुड मेटल रिसायकलिंगच्या आवारात धातूच्या विटांनी एका बाजूनं लादलेली भिंत कोसळून पाच कामगार चिरडले गेले. ते पश्चिम आफ्रिकेतून आलेले स्थलांतरित होते. आपल्या गोदामांत काम करणाऱ्यांपेक्षा त्यांची कथा फार वेगळी नाही. निकाल लागायला सात वर्षं गेली, पण २०२३ मध्ये दोन कंपन्यांना मिळून १६ लाख पौंड दंड झाला आणि दोन संचालकांना नऊ-नऊ महिन्यांचा तुरुंगवास. भिंतीवर किती भार टाकायचा हे इंजिनिअरला विचारण्याची फी किती झाली असती, याचा हिशेब त्यानंतर तिथल्या प्रत्येक भंगारवाल्यानं केला असेल.

डोंबिवलीचा विषय काढल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही, जरी तिथले दोन मोठे स्फोट पुनर्वापराच्या कारखान्यांत झालेले नव्हते. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये प्रोपार्जिल क्लोराइडचा स्फोट झाला. बारा माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली, दोन-दोन किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. मृतांमध्ये मालकांच्या कुटुंबातलेच तिघं होते. मालकाला स्वतःच्या जिवाचीही चिंता नसते का, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. धोका पत्करणारा माणूस तो पत्करतो आहे हे त्याला रोज कळत नसतं. वीस वर्षं काही झालं नाही हाच त्याला पुरावा वाटतो. पुढे २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्सच्या रिअॅक्टरचा स्फोट झाला, दहाहून अधिक कामगार मेले आणि साठहून अधिक लोक जखमी झाले. या दोन्ही वेळी सर्वांत मोठं नुकसान भिंतीपलीकडच्यांचं झालं: शेजारचे कारखाने, रस्त्यावरची वाहनं, समोरच्या इमारती. ते कोणाच्याच नफ्या-तोट्याच्या पत्रकात आलं नाही. काचा लोकांनी स्वतःच्या पैशानं बसवल्या.

पुनर्वापराच्या धंद्याशी याचा संबंध असा की स्फोटानंतरची कारवाई सरसकट येते. वीज-पाणी तोडण्याच्या नोटिसा निघतात, संमतीपत्रांची छाननी होते, धोकादायक कारखाने हलवण्याची भाषा सुरू होते. २०२२ मध्ये डोंबिवलीतले १५६ कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा विचार सरकारनं मांडला होता. २०२४ च्या स्फोटानंतर तोच विषय पुन्हा वर आला. एकाच्या चुकीची किंमत शेजारचे पन्नास जण मोजतात. त्यामुळे चांगल्या कारखानदारालाही वाटतं की आपण कितीही काटेकोर राहिलो तरी काय उपयोग, बंद तर सगळेच पडणार. मोठे रासायनिक कारखाने गेले तर त्यांच्या सॉल्व्हंटवर जगणारे ऊर्ध्वपातनवालेही त्यांच्यामागे जातील. ड्रमवाले आणि भंगार गोदामं जाणार नाहीत, कारण त्यांतली पुष्कळशी एमआयडीसीच्या हद्दीतच नाहीत. ती भाड्याच्या गाळ्यांत, शेतजमिनीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, शेजारी चाळ आहे. कागदपत्रं पुरी नसल्यानं विमा नाही, विमा नाही म्हणून विमा कंपनीचा तपासनीस नाही, बँकेचं कर्ज नाही म्हणून बँकेचाही नाही. ज्याला गमावण्यासारखं कागदावर काही नाही, त्याला सुरक्षेचा फायदा कोणत्या आकड्यानं पटवणार?

मग पैसे येणार कुठून? एक वाट गिऱ्हाइकाची. अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर हे घडताना दिसलं. युरोपातल्या जहाज कंपन्यांवर टीका वाढली, २०१६ पासून मर्स्कसारख्या कंपनीनं सुधारलेल्या ठरावीक यार्डांतच जहाजं द्यायला सुरुवात केली आणि मग यार्डवाल्यांनी काँक्रीटचे तळ घातले, क्रेन आणल्या, कामगारांना प्रशिक्षण दिलं. २००९ चा हाँगकाँग करार २६ जून २०२५ ला अमलात आला तोवर अलंगमधली बरीचशी यार्डं त्याच्या निकषांना उतरलेली होती. मजेची गोष्ट म्हणजे असं यार्ड जहाजाला भाव थोडा कमीच देतं. फरक जहाजमालक सोसतो. सुरक्षेचा खर्च यार्डमालकानं सोसलेला नाही, तो साखळीत वर सरकवला आहे.

आपल्या पट्ट्यासाठी या सरकवण्याचं साधन म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या आणि ई-कचरा या चारही क्षेत्रांत उत्पादकानं पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्रं विकत घ्यायची, असा नियम आता आहे. बॅटऱ्यांचे नियम २०२२ चे, ई-कचऱ्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू. प्रमाणपत्राची किंमत म्हणजे नीट काम करण्याचा मोबदला. तिथेच भांडण जुंपलं. ग्राहकोपयोगी विद्युत उपकरणांच्या पुनर्वापरासाठी सरकारनं २०२४ मध्ये किलोमागे किमान २२ रुपये ठरवले. डायकिन, सॅमसंग, एलजी यांसारख्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं, बाजाराला भाव ठरवू द्या. पण बाजार भाव ठरवतो तो सर्वांत स्वस्त काम करणाऱ्याच्या दरानं, आणि तो स्वस्त कशामुळे असतो हे वर आलेलंच आहे. मुखवटा नाही, धूर शोषणारा पंखा नाही, रक्ततपासणी नाही. किमान दर नसेल तर प्रमाणपत्राच्या किमतीतून पहिल्यांदा गळते ती हीच रक्कम. मला सरकारचा दर बरोबर वाटतो, फक्त त्याला एक अट जोडायला हवी होती: प्रमाणपत्र देणाऱ्या कारखान्याची कामगार-आरोग्य तपासणी. आज टन मोजले जातात, माणसं मोजली जात नाहीत.

आणि टनही खरे असतात असं नाही. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार प्लास्टिक पुनर्वापर कंपन्यांनी सहा लाखांच्या आसपास बनावट प्रमाणपत्रं तयार केल्याचं आढळलं. यंत्र न फिरवता मिळवलेला नफा. तिथे निदान कोणाचं बोट कापलं गेलं नसेल. टायरच्या पायरोलिसिसमध्ये उलट चित्र आहे. २०१९ मध्ये त्याच मंडळानं १९ राज्यांतली ६३७ केंद्रं तपासली, तेव्हा २७० नियम पाळत नव्हती आणि ११६ बंद पडलेली होती. यंत्रं फिरत होती, पण कशीही. त्यात ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी घेणाऱ्यावर पडतो. करही नियमात राहणाऱ्याच्या डोक्यावर आणि सुरक्षेचा खर्चही त्याच्याच. पत्र्याच्या शेडवाला दोन्हींतून मोकळा, म्हणून भंगाराला तो किलोमागे दोन रुपये जास्त देऊ शकतो आणि माल त्याच्याकडे वळतो. नियम पाळणाऱ्याचा धंदा असा कच्च्या मालावाचून मरतो.

नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं यात काही बदल केला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. आता नियमभंगातून मृत्यू झाला तर किमान दंड पाच लाख रुपये, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि दंडाची निदान निम्मी रक्कम मृताच्या कुटुंबाला द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. २५,००० वरून पाच लाख ही वीसपट वाढ आहे. पण त्याच संहितेनं यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. भिवंडीचे ग्राइंडर, शीळच्या रस्त्यावरची ड्रमची शेडं, केबल सोलणारे गाळे यांत एका पाळीला वीस माणसं क्वचितच असतात, आणि असली तर ती दोन ठेकेदारांच्या नावावर वाटली जातात. धोकादायक कामांसाठी ही संख्यामर्यादा खाली आणण्याचा अधिकार सरकारकडे आहे. रासायनिक ड्रम, शिशाची भट्टी, वापरलेलं सॉल्व्हंट आणि लिथियम बॅटरी ही चार कामं त्या यादीत घालायला नवा कायदा लागत नाही, एक अधिसूचना पुरते.